रात्री धारदार, सकाळी बोथट: एपॉक्सी पुट्टीच्या कपड्यांवरच्या चुण्या विरतात तेव्हा

एपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन भाग एकत्र मळल्यावर घट्ट होणारा लगदा, वापरून लहान मूर्तींवर (फिगरवर) कपडे घडवणाऱ्यांची तक्रार एकच असते, सांगण्याची तऱ्हा तेवढी वेगळी. रात्री हात धुताना फिगरच्या कोटावरच्या चुण्या छान उठून दिसत होत्या. सकाळी पाहिलं तर सगळं गुळगुळीत. दऱ्या उथळ झाल्यात, कडा गोल झाल्यात, झग्याचा काठ अंगापासून केसभर सुटलाय. मग पुढच्या वेळी माणूस आणखी बारीक सुई घेतो, आणखी खोल रेघा मारतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बघतो. त्यानंतर नव्या हत्यारांची खरेदी सुरू होते.

हत्यारांचा यात क्वचितच दोष असतो. बहुतेक वेळा गडबड वेळेची असते: चुणी नीट घातलेली असते, पण पुट्टी ती धरून ठेवण्याच्या स्थितीत नसताना. बाकीची कारणं आहेतच, आणि त्यातलं एक तर असं की चुणी मुळात विरलेलीच नसते, ती कधी पुरेशी खोल नव्हतीच. कोणतं कारण तुमचं, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

इथे मुख्यतः निळ्या-पिवळ्या पट्टीतून येणाऱ्या आणि मळल्यावर हिरव्या होणाऱ्या नीडाटाइटबद्दल, म्हणजे सगळे जिला ग्रीन स्टफ म्हणतात तिच्याबद्दल लिहितोय. मिलिपुट, मॅजिक स्कल्प, अपॉक्सी स्कल्प या दुसऱ्या एपॉक्सी पुट्ट्यांचा स्वभाव जिथे वेगळा आहे तिथे तसं सांगेन. मापं २८ मिमी ते ७५ मिमी उंचीच्या फिगरसाठी धरली आहेत. नळाची गळती बंद करायला वापरतात ती भरड पुट्टी या कामाला घेऊच नका. ती काही मिनिटांत दगड होते आणि तिला बारीक कड येत नाही.

आधी उरलेली गोळी बघा

दर वेळी पुट्टी मळली की त्यातलीच एक लहान गोळी फिगरच्या शेजारी, त्याच लाकडी ठोकळ्यावर चिकटवून ठेवायची. मी तिला साक्षीदार म्हणतो. फिगरवर नख लावून पाहता येत नाही, गोळीवर येतं. चोवीस तासांनी तिच्यात नख दाबा.

नख रुतलं तर गडबड मिश्रणात किंवा तापमानात आहे. नख रुतलं नाही, गोळी घट्ट आणि किंचित लवचिक लागली, तर मिश्रण ठीक आहे. दोष काम करण्याच्या वेळेत, थराच्या जाडीत, ओल्या हातात किंवा दिव्याच्या उष्णतेत शोधायचा. एवढ्या एका तपासणीने अर्धे तर्क बाद होतात. तरी ती कोणी करत नाही, आणि मग बिचाऱ्या सुईवर खापर फुटतं.

गोळी मऊ निघाली तर

पिवळा भाग रेझिन, निळा भाग हार्डनर, म्हणजे रेझिनला घट्ट करणारा. नेहमीच्या कामाला दोन्ही सारखे. पिवळा थोडा जास्त घेतला तर पुट्टी मऊ, जास्त चिकट आणि उशिरा घट्ट होणारी होते. निळा थोडा जास्त घेतला तर कडक, कमी चिकट आणि कडांना चांगली. हा फरक मुद्दाम वापरता येतो, पण थोडाच. पिवळा फार वाढला की गोळी कितीही दिवस ठेवा, रबरच राहते, आणि रबरावर काढलेली धार टिकत नाही.

मळणं अर्धवट राहिलं असेल तर गोळी कापल्यावर आत पिवळ्या शिरा दिसतात. तिथे हार्डनर पोचलेलाच नसतो. चार-पाच मिनिटं मळा, मध्ये गोळी फाडून आतला रंग बघा, एकसारखा हिरवा झाला की थांबा.

पट्टीच्या स्वरूपातली पुट्टी असेल तर मधली रेघ बघा. निळा आणि पिवळा जिथे एकमेकांना चिकटून असतात तिथे क्रिया पाकिटातच होऊन गेलेली असते. तो दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा ब्लेडने कापून टाका. तो मिसळला तर पुट्टी मऊ राहत नाही, पण तिच्यात कडक कण येतात. चुणी ओढताना हत्यार त्यावर अडखळतं आणि नेमकं दर्शनी जागी खड्डा पडतो. पट्टी कापून दोन्ही रंग वेगळे करून ठेवले, शिवाय फ्रीझरमध्ये ठेवले, तर हा त्रास जवळपास संपतो.

राहिलं तापमान. आपण बोलताना पुट्टी ‘सुकली’ म्हणतो, पण तिच्यातून काही उडून जात नाही. दोन भागांची रासायनिक क्रिया होऊन ती घट्ट होते, त्यामुळे पंख्याखाली ठेवून काही फायदा नाही. उष्णतेने मात्र वेग बदलतो: ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट किंवा निम्मा. बावीस-पंचवीस अंशांना जी गोळी एका दिवसात पूर्ण घट्ट होते, ती बारा अंशांच्या खोलीत दोन दिवस घेते. थंडीत सकाळी मऊ लागली म्हणून पुट्टी फेकून देऊ नका, आणखी एक दिवस द्या.

गोळी आतून घट्ट आणि वरून फक्त चिकट असेल तर ते वेगळं प्रकरण. दमट हवेत एपॉक्सीच्या हार्डनरमुळे कधीकधी पृष्ठभागावर पातळ चिकट थर येतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश, काम झालं.

गोळी घट्ट, पण चुण्या बोथट

बहुसंख्य लोक इथेच असतात.

ताजी मळलेली पुट्टी थोडी वाहते आणि थोडी उसळून परत येते. तुम्ही दाबलं की खळगा पडतो, हत्यार उचललं की त्यातला काही भाग मागे येतो. उरलेला खळगासुद्धा पुढच्या अर्ध्या तासात हळूहळू भरत जातो, कारण पुट्टी अजून मऊ असते आणि मऊ पदार्थाच्या तीक्ष्ण कडा आपोआप गोल होतात. हे इतकं सावकाश होतं की काम करताना कळत नाही. म्हणून रात्रीची चुणी खरीच धारदार होती. तुमचे डोळे खोटं सांगत नव्हते.

दुसऱ्या टोकालाही हीच गंमत आहे. दोन तास उलटले की पुट्टी घट्ट रबरासारखी होते. तेव्हा जोर लावून दाबलेली दरी दिसते खोल, पण रात्रभरात बरीचशी परत उघडते. म्हणजे फार लवकर आणि फार उशिरा, दोन्ही वेळच्या मेहनतीचा सकाळचा निकाल सारखाच. दोन्हीत फरक करायचा तर भिंग घ्या. लवकर घातलेल्या चुणीच्या कडा सगळीकडे सारख्या गोल आणि तुळतुळीत असतात. उशिरा घातलेली दरी उथळ असते, पण तिच्या कडेला बारीक फाटल्याच्या, ताणल्याच्या खुणा असतात. पहिलं दिसलं तर पुढच्या वेळी थांबा. दुसरं दिसलं तर पुढच्या वेळी कमी पुट्टी मळा, म्हणजे वेळेत हात फिरेल.

समप्रमाणातल्या पुट्टीसाठी, साधारण बावीस ते पंचवीस अंशांना, माझी विभागणी अशी असते. पहिली वीस मिनिटं ती फक्त चिकटवायला आणि आकारमान बसवायला: अंगावर थापायची, जादा काढायची, मोठे झोळ कुठे पडणार तेवढं सुचवायचं. सुई हातात घ्यायची नाही. विसाव्या मिनिटापासून पन्नासाव्यापर्यंत मुख्य चुण्या, त्याही गोल टोकाच्या हत्याराने किंवा सिलिकॉनच्या मऊ टोकाने. पन्नास ते नव्वद मिनिटं या खऱ्या कमाईच्या. तेव्हा चिकटपणा गेलेला असतो, दाब टिकतो, आणि आधी घातलेल्या त्याच चुण्यांवरून दुसऱ्यांदा फिरून धार आणायची असते. नव्या चुण्या या टप्प्यात काढू नका, जुन्या पक्क्या करा. काठ सगळ्यात शेवटी.

हे आकडे तुमच्या खोलीत जसेच्या तसे लागू होतील असं नाही. तेव्हा पुन्हा साक्षीदार. त्याच्यावर सुईने एक रेघ दाबा, पाच मिनिटं दुसरं काही करा, परत येऊन बघा. रेघ भरली असेल तर फिगरला हात लावू नका. रेघ होती तशीच राहिली तर बसा कामाला. हा उपाय घड्याळापेक्षा खात्रीचा आहे.

मिलिपुटचा स्वभाव उलटा. तिच्यात उसळी फार कमी, त्यामुळे दाबलेलं जागेवर राहतं, पण सुरुवातीला ती हत्यारालाच जास्त चिकटते आणि फार ताणली तर तुटते. कापडाचा सलग ओढलेला ताण तिच्यात आणणं कठीण. उलट घट्ट झाल्यावर तिला घासता येतं, जे ग्रीन स्टफला नीट जमत नाही. सॅंडपेपर लावला की ग्रीन स्टफ लव आल्यासारखी दिसते. म्हणून बरेच जण दोन्ही एकत्र करतात, आणि कपड्यांसाठी मलाही ते मिश्रण सर्वांत आवडतं: निम्मी ग्रीन स्टफ, निम्मी मिलिपुट किंवा मॅजिक स्कल्प. उसळी कमी होते, धार वाढते, नंतर थोडं घासताही येतं. अट एकच. प्रत्येक पुट्टीचे दोन भाग आधी आपापले पूर्ण मळायचे, मगच दोन तयार गोळे एकत्र करायचे. चार भाग एकदम मळले तर कुठला हार्डनर कुठल्या रेझिनला किती मिळाला याचा काही भरवसा राहत नाही.

थर जाड आहे का?

वेळ बरोबर साधूनही चुण्या विरत असतील तर जाडी मोजा. पुट्टीचा थर दीड-दोन मिलिमीटर जाड असेल तर वरची धार खालच्या मऊ ढिगावर उभी असते. तुम्ही एक दरी दाबता, ढीग बाजूला सरकतो आणि शेजारची चुणी फुगते; ती नीट करायला जाता, पहिली भरते. तासभर हा खेळ चालू शकतो.

उपाय म्हणजे काम दोन दिवसांत वाटणं. पहिल्या दिवशी कपड्याखालचा ढाचा: मोठे झोळ, मांडीवरून खाली आलेला कोटाचा घेर, कोपराजवळचा फुगवटा, सगळं ओबडधोबड. ते पूर्ण घट्ट होऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्यावर अर्धा ते पाऊण मिलिमीटरची कातडी चढवा आणि चुण्या त्या कातडीत काढा. खालचा ढाचा कडक असल्यामुळे दाबलेली पुट्टी मागे ढकलली जात नाही, आणि मुख्य दऱ्या ढाच्यातच असल्यामुळे त्या विरूही शकत नाहीत.

यात एक अडचण ठरलेली असते: माणूस जाडा होतो. ज्या फिगरवर कपडे घालायचे ती उघड्या अंगाचीही थोडी सडपातळ हवी. तयार फिगरवर नवा कोट चढवत असाल तर आधीचा कोट ब्लेडने आणि कानशीने उतरवा, नाहीतर दोन कोट घातल्यासारखं दिसणारच.

पाणी, व्हॅसलिन आणि दिवा

हत्यार चिकटू नये म्हणून ओलं करावं लागतं, पण ओलावा किती याला महत्त्व आहे. ग्रीन स्टफ पाण्यात विरघळत नाही, पण दरीत साचलेलं पाणी चकाकतं आणि चकाकीमुळे दरी आहे त्यापेक्षा खोल वाटते. पाणी वाळलं की खरी खोली दिसते. तेव्हा दर थोड्या वेळाने टिपकागदाचं टोक लावून पाणी शोषून घ्या आणि मग ठरवा. मिलिपुट, मॅजिक स्कल्प यांच्या बाबतीत पाणी खरोखर पृष्ठभाग विरघळवतं. त्यातून तयार झालेला राडा ब्रशबरोबर दरीत जाऊन बसतो आणि तिथेच घट्ट होतो. गुळगुळीतपणा हवा तिथे हे वरदान, चुण्यांच्या बाबतीत शाप. त्या पुट्ट्यांवर ओला ब्रश चुणीच्या लांबीला धरून ओढा, आडवा कधी नाही, आणि दर वेळी ब्रश पुसून घ्या.

व्हॅसलिन अगदी नखभर पुरतं. जास्त झालं तर ते थरांच्या मध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशीची कातडी सालीसारखी सुटते. काठ अंगापासून उचलला जाण्यामागे निम्म्या वेळा हेच असतं. धातूची हत्यारं घासून आरशासारखी गुळगुळीत केलीत तर व्हॅसलिनची गरजच फार कमी होते. चिकटण्याचं एक मोठं कारण हत्यारावरचे बारीक ओरखडे असतात.

आणि हत्यार जिभेला लावून ओलं करायची सवय असेल तर ती आजच सोडा. कच्ची एपॉक्सी त्वचेला ॲलर्जी लावू शकते, आणि ती एकदा लागली की पुन्हा पुट्टीला हात लावणं अवघड होऊन बसतं. मळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. घट्ट झालेली पुट्टी घासताना मास्क लावा, किंवा ओली घासा.

दिव्याचं मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. लवकर घट्ट व्हावी म्हणून काम संपल्यासंपल्या फिगर गरम दिव्याखाली ठेवली जाते. उष्णतेने क्रिया वेग घेते हे खरं, पण ती वेग घेण्याआधी पुट्टी गरम होऊन आणखी मऊ होते. त्या मधल्या काळात चुण्या बसतात. मिलिपुटमध्ये हे डोळ्यांना दिसतं, ग्रीन स्टफमध्ये कमी, पण होतं. दिवा वापरायचाच तर काम संपल्यावर दोन-तीन तास फिगर खोलीच्या तापमानाला राहू द्या, साक्षीदारावर रेघ उमटेनाशी झाली की मग दिवा. आणि ऊब हाताला सोसेल एवढीच, चाळीस अंशांच्या आसपास. रेझिनच्या फिगरचे पाय आणि तलवारी त्याहून फार गरम झाल्या तर वाकतात. धातूची फिगर जास्त सोसते, पण तिचे भाग सुपरग्लूने जोडलेले असतील तर तिथेही जपून.

चुणी विरली, की ती कधी नव्हतीच?

गोळी घट्ट, वेळ बरोबर, थर पातळ, पाणी कमी, दिवा नाही, तरी सकाळी सगळं सपाट दिसतं. तर मग फिगर एका बाजूने येणाऱ्या तिरक्या उजेडात धरा. रात्री टेबलावरचा दिवा जवळून आणि बाजूने येत होता, प्रत्येक ओरखड्याची सावली पडत होती. सकाळचा उजेड सगळीकडून येतो आणि उथळ गोष्टी पुसून टाकतो. तिरक्या उजेडात चुण्या परत दिसल्या तर पुट्टीने काही केलेलं नाही. चुण्या उथळ आहेत, आणि वर प्रायमर (रंगाआधीचा अस्तर) आणि रंगाचे थर बसले की आणखी उथळ होणार.

हे होतं कारण आपण चुण्या रेघा समजून काढतो. सुईने एक रेघ, तिच्या शेजारी दुसरी रेघ. त्यातून कापड नाही, कोरलेला पृष्ठभाग मिळतो: सपाट जमीन आणि तिच्यावर चरे. खऱ्या कापडात उंच भाग अरुंद असतो आणि दोन उंचवट्यांमधला खोलगट भाग बराच रुंद. म्हणून चुणी काढायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंची जमीन खाली न्यायची. गोल टोकाने दरी दाबा, दाबलेली पुट्टी दोन्ही बाजूंना चढू द्या, आणि जो उंचवटा आपोआप उभा राहील त्याच्या माथ्यावरून सिलिकॉनचं टोक हलकेच फिरवून त्याला कड आणा. सुई फक्त शेवटी, एक कापड दुसऱ्याखाली शिरतं त्या सांध्यात.

दुसरी अडचण चुणी कुठे जाते याची. कापडावरची प्रत्येक मोठी चुणी कुठून तरी निघते: खांद्यावर टेकलेल्या जागेपासून, पट्ट्याने आवळलेल्या कमरेपासून, वाकलेल्या गुडघ्यापासून. जिथे कापड लटकलंय किंवा ताणलंय ती जागा आधी ठरवा, तिथून चुण्या पंख्यासारख्या सोडा. टोकाला त्या अरुंद आणि खोल, दूर जाताना रुंद आणि उथळ. सगळीकडे सारख्या जाडीच्या आणि एकमेकींना समांतर चुण्या काढल्या की डोळा त्यांना एक पोत म्हणून घेतो आणि पुढे जातो. फिगर सपाट वाटते, दोष पुट्टीवर जातो.

बाही घ्या. हात कोपरात वाकला की आतल्या बाजूला कापड जादा होतं आणि बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. आतल्या खाचेत नागमोडी दुमडी एकमेकींत अडकतात. बाहेर कोपराच्या टोकावर कापड गुळगुळीत, एकही चुणी नसलेलं. आतल्या दुमडींमधून दोन-तीन चुण्या तिरक्या निघून दंडाला आणि मनगटाकडे वळसा घालत विरतात. बस. २८ मिमीच्या फिगरला आत तीन दुमडी पुष्कळ झाल्या. सहा काढल्यात तर रंगवताना त्यातल्या तीन भरून जातील आणि उरलेल्या तीनही नीट दिसणार नाहीत. ७५ मिमीला मात्र दोन मोठ्या दुमडींच्या मध्ये एखादी लहान हवी, नाहीतर बाही जाड रबरी वाटते.

बसलेल्या माणसाच्या पॅंटमध्ये ताण गुडघ्यावर आणि बैठकीवर असतो, झोळ जांघेत आणि गुडघ्याच्या मागे. उभ्या माणसाचा पायघोळ झगा कमरेपासून सरळ नळ्यांसारखा खाली येतो, पण पुढे आलेल्या पायावर त्या नळ्या तुटतात: मांडी-गुडघ्यावर कापड चिकटतं, नळ्या दोन्ही बाजूंना गोळा होतात. ही एक गोष्ट केली तरी झग्याच्या आत पाय आहे हे कळतं. वाऱ्यात उडणारा झगा सर्वांत फसवा. उडणारा भाग कितीही नाट्यमय करा, पण खांद्यावरची पकड आणि तिथून निघणाऱ्या चुण्या खऱ्या नसतील तर तो मागून चिकटवलेला पत्रा वाटतो.

कापडाचा पोतही चुण्यांच्या संख्येतच ठरतो. जाड लोकरीचा ओव्हरकोट: थोड्या, मोठ्या, गोल माथ्याच्या चुण्या. पातळ सुती सदरा: जास्त, अरुंद, टोकदार. चामडं: चुण्या फक्त सांध्यांवर, आणि तिथे बारीक, दाट. एकाच फिगरवर तिन्ही असतील तर हा फरक मुद्दाम वाढवून दाखवा.

काठ: जाड, उचललेले, फाटलेले

काठाबाबत एक हिशेब करून टाकू. दोन मिलिमीटर जाडीचं कोटाचं कापड १/३५ प्रमाणात ०.०६ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढी पातळ पुट्टी उभी राहत नाही, तेव्हा खरी जाडी साधण्याचा हट्ट सोडा. फक्त दिसणारा काठ पातळ करा: आतल्या बाजूने उतार देऊन काठाकडे निमुळता. पुट्टी घट्ट झाल्यावर नव्या ब्लेडने आतून तासलं की हे सहज होतं. ग्रीन स्टफ घासता येत नसली तरी तासता छान येते.

मोकळा लटकणारा झगा किंवा उपरणं वेगळी चादर लाटून करायचं असेल तर मळल्याबरोबर लाटा, पण लगेच उचलू नका. पॉलिथिनच्या दोन कागदांमध्ये टाल्कम पावडर किंवा पुसट व्हॅसलिन लावून लाटा, वरचा कागद काढा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. मग चादर उचलली तर फाटत नाही, ताणूनही आकार धरते. कापा, अंगावर टाका, झोळ पडू द्या. खाली आधाराला ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. जिथे चादर अंगाला टेकते तेवढ्या जागी आधी ताज्या, चिकट पुट्टीचा अगदी पातळ लेप द्या. पाऊण तासाच्या चादरीत चिकटपणा उरलेला नसतो. ती टेकलेली दिसते, पण धरलेली नसते. उचललेल्या काठांचं उरलेलं निम्मं कारण हे. टाल्कम लावलं असेल तर टेकणारी बाजू ओल्या ब्रशने पुसून घ्यायला विसरू नका.

दोन्ही बाजू दिसणारा झगा एका बैठकीत दोन्हीकडून करायला जाऊ नका. आतली बाजू कोरताना बाहेरची बोटांनी चेपते. एक बाजू पूर्ण घट्ट झाल्यावरच दुसरी.

झालेली फिगर वाचवायची असेल तर

घट्ट झालेली पुट्टी पुन्हा मऊ होत नाही, पण सगळं खरवडायचीही गरज नसते. आधी फिगर साबणाने धुवा. ज्या दऱ्या भरल्यात त्या गोल पात्याच्या ब्लेडने किंवा बारीक गोल कोरणीने रुंद करा. माथ्यांना धार नसेल तर नवी पुट्टी थोडा निळा भाग जास्त घेऊन मळा, तिचे केसासारखे बारीक दोरे करा, माथ्यावर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी खाली दरीत विरवून टाका. वर फक्त माथा उरला पाहिजे. जुन्या पुट्टीवर नवी बसत नसेल तर जागा ब्लेडने खरखरीत करा. तुळतुळीत हिरव्या पृष्ठभागावर नवा थर नाखुशीनेच धरतो. असा दोरा नव्वद टक्के वेळा नवी बाही करण्यापेक्षा चांगला दिसतो, आणि त्याला तासाभराच्या वर लागत नाही.

बोटांचे ठसे राहिले असतील तर मिलिपुट पाण्यात कालवून तिचा पातळ घोळ ब्रशने लावा, पण दऱ्यांपासून दूर.

प्रायमर साक्षीदार गोळी पूर्ण घट्ट झाल्यावरच. आणि फिगरचा साचा काढणार असाल तर सिलिकॉन कोणतं आहे ते बघा. प्लॅटिनमवर घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला एपॉक्सीच्या हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं चालत नाहीत. पुट्टीला लागलेला भाग चिकट, अर्धवट राहतो आणि चुण्यांच्या दऱ्यांमधून तो काढणं म्हणजे शिक्षाच. टिनवर घट्ट होणारं सिलिकॉन हा त्रास देत नाही. प्लॅटिनमचंच वापरायचं असेल तर फिगरवर आधी ॲक्रिलिक वार्निशचा थर द्या, आणि पहिला प्रयोग साक्षीदार गोळीवर करा.